वळचणीचे बिऱ्हाडकरू

मुंबई-पुण्यात निम्मं आयुष्य काढून कोकणातल्या जुन्या घरात कायमचं राहायला येणारी मंडळी अलीकडे गावोगाव दिसतात. वर्षानुवर्षं फक्त गणपतीला आणि मे महिन्यात उघडलेलं घर असतं. आल्या आल्या कामांची यादी होते. आढ्याला वाळवी लागली आहे, कौलं फुटली आहेत, पडवीची भिंत पावसाने सुटली आहे, वायरिंग नवं हवं, न्हाणीघर आता घरातच हवं. सुतार, गवंडी, वायरमन एकेक करून पाहून जातात आणि आपापला आकडा सांगतात. घरात सध्या कोण राहतं आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. कुलूप लावलेलं घर रिकामं असतं, असा त्यामागे समज असतो.

तो समज खोटा आहे, हे पहिल्याच पहाटे कळतं. आढ्याच्या टोकावर बसून दयाळ गायला लागतो, माळ्यावर काहीतरी फुसफुसतं, आणि वळचणीतून गवताच्या काड्या थेट चहाच्या कपात पडतात.

पाखरांना जुनं घर आवडतं याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, त्यांवर लाकडी वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौलं, असं हे घर. बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही चपटी, खाचेची कौलं किनारपट्टीभर पसरली. त्याआधी गावच्या कुंभाराची नळीची कौलं होती, नाहीतर गवताची शाकारणी. छप्पर कुठलंही असो, भिंतीचा माथा आणि कौलाची खालची बाजू यांच्यात हात जाईल एवढी फट राहतेच. त्याशिवाय भिंतीतले कोनाडे, झरोके, तुळईच्या टोकाशी राहिलेली पोकळी. ज्या पक्ष्यांना घरट्यासाठी बीळ लागतं पण ते स्वतः कोरता येत नाही, त्यांच्यासाठी अशा जागा फार मोलाच्या. चिमणी, साळुंकी, दयाळ, पिंगळा, गव्हाणी घुबड हे सगळे त्याच गटातले. जंगलात ते जुन्या झाडांच्या ढोल्या शोधतात. गावात घराच्या फटी.

चिमणीचा तर माणसाच्या घराशी शेकडो पिढ्यांचा संबंध. जुन्या घरांत भिंतीवरच्या तसबिरी वरून पुढे झुकवून टांगत, आणि त्यांच्या मागच्या त्रिकोणी जागेत चिमणीचं घरटं ठरलेलं असे. आजोबांच्या फोटोमागून पिल्लांची चिवचिव येणं हा पन्नाशीच्या पुढच्या अनेक मराठी माणसांचा अनुभव आहे. घरातल्या पंख्यांनी त्या काळीही चिमण्यांचे बळी घेतले, हेही खरं.

भारतातल्या पक्षिअभ्यासाच्या इतिहासातलं एक गाजलेलं निरीक्षण अशाच एका जुन्या वास्तूतल्या चिमणीचं आहे. 1906-07च्या सुमारास चेंबूर हे मुंबईबाहेरचं गाव होतं. तिथे सुट्टीत आलेल्या दहा वर्षांच्या सालिम अलींना तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं दिसलं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. मुलाच्या हातात छर्‍यांची बंदूक होती. त्याने नर टिपला, तर थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा नर हजर! सात दिवसांत त्याने आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी जागा भरली गेली. आज हे वाचून अंगावर काटा येतो. पण त्या पोराने सगळं वहीत टिपून ठेवलं होतं, आणि चांगल्या बिळाच्या मालकिणीला जोडीदाराची कधी वाण पडत नाही, हे त्या टिपणातून स्वच्छ दिसतं. चिमण्यांच्या जगात टंचाई असते ती जागेची.

ही गोष्ट लक्षात घेतली तर चिमण्या कमी झाल्या म्हणजे नेमकं काय झालं, याचा उलगडा होऊ लागतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालानुसार देशभरात चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे. मुंबईसह सहा महानगरांत मात्र ती हळूहळू घटत आली आहे. मोबाइलच्या मनोऱ्यांना दोष देऊन मोकळं होणं सोपं असतं. पण काँक्रीटची गुळगुळीत भिंत आणि स्लॅब यांत चिमणीला बोटभर फट मिळत नाही आणि पिल्लांना भरवायला किडे मिळत नाहीत, ही कारणं समोर दिसणारी आहेत. मोठी चिमणी दाण्यांवर जगते. पिल्लांना पहिले काही दिवस मऊ अळ्या आणि किडेच लागतात. म्हणून फवारणी केलेल्या बागेत तांदूळ टाकून उपयोग नसतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्चला चिमणी दिन साजरा होतो आणि त्यातून घरट्यांच्या लाकडी पेट्या घरोघर पोचल्या. पेटी लावायची तर भोक सव्वा इंचाचं असावं, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. उंची आठ-दहा फूट, जागा वळचणीखालची, तोंड पावसाच्या झडीकडे नको. कोकणात झड नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा पूर्व किंवा उत्तर बरी. जुन्या घराच्या मालकाला मात्र पेटीही लागत नाही. असलेल्या फटी सिमेंटने लिंपल्या नाहीत की झालं.

चिमणीचं सगळे कौतुक करतात. पाकोळीचं कोणी करत नाही, कारण ती घाण करते. पडवीच्या छताला किंवा माळ्याच्या तुळईला पिसं, काड्या आणि लाळ यांनी चिकटवलेल्या घरट्यांचा झुपका हा पाकोळ्यांचा. यांचे पाय फक्त उभ्या भिंतीला पकडण्यापुरते. फांदीवर बसणं त्यांना जमत नाही. दिवसभर हवेत राहून उडते किडे टिपायचे आणि रात्री घरट्यात यायचं. घरटं नुसतं पिल्लांपुरतं नसतं, वर्षभराचा मुक्कामही तिथेच. त्यामुळे ते पाडलं की पाखरं खरोखर बेघर होतात. घरट्यांखाली फूटभर रुंदीची फळी ठोकली की विष्ठा तिच्यावर साठते, महिन्याकाठी फळी झाडता येते आणि भांडण मिटतं.

खरी पंचाईत होते ती माळ्यावरच्या बिऱ्हाडाने. रात्री फुसकारे, कधी किंकाळी, आणि कंदिलाच्या उजेडात दिसलेला पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा. कोकणातल्या भुतांच्या निम्म्या गोष्टी गव्हाणी घुबडाने पुरवल्या असाव्यात! ते उंदरांवर जगतं. त्याच्या दोन कानांची भोकं डोक्यावर वेगवेगळ्या उंचीला असल्यामुळे आवाज कुठून आला हे त्याला अचूक कळतं आणि मिट्ट काळोखातही ते उंदीर पकडतं. उंदीर अख्खा गिळायचा आणि हाडं-केसांची गोळी करून ओकून टाकायची, ही त्याची रीत. माळ्यावर अशा काळपट गोळ्या पडलेल्या दिसल्या की तिथे घुबड राहतं याबद्दल शंका नको. एक गोळी पाण्यात भिजवून सोडवली तर उंदरांच्या कवट्या सुट्या होतात, आणि भाताच्या कणगीची राखण कोण करत होतं याचा पुरावा हाती येतो. तरीही अपशकुनाच्या नावाखाली त्याला मारलं जातं, करणीसाठी पकडलं जातं. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशनने 2018 मध्ये चक्क घुबडांचा उत्सव भरवायला सुरुवात केली, ती हाच गैरसमज घालवण्यासाठी. माळ्याची दुरुस्ती हवी असेल तर जरूर करावी. फक्त गवाक्षाला जाळी मारण्याआधी आत पिल्लं नाहीत ना, हे पाहावं. घुबडाची मादी पहिलं अंडं घालताच उबवायला बसते, त्यामुळे एकाच घरट्यात लहान-मोठी पिल्लं असतात. थोरलं उडालं म्हणून घरटं मोकळं झालं असं समजता येत नाही.

आता मुख्य गोष्ट, वेळापत्रकाची. कौलं परतायची, फुटकी बदलायची, वळचण नीट करायची ही कामं पिढ्यानपिढ्या चैत्र-वैशाखात होतात. मृगाच्या आत छप्पर झालं पाहिजे, हे कोकणात लहान मुलालाही माहीत असतं. पाखरांचा हंगाम नेमका तोच. दयाळाची वीण मार्च ते जुलै. थंडीत जवळजवळ मुका असलेला हा काळा-पांढरा पक्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कंठ फोडतो, याचा अर्थ त्याने हद्द आखली आहे आणि त्याची करडी मादी भिंतीत भोक शोधते आहे. चिमण्या वर्षातून अनेकदा अंडी घालतात, पण उन्हाळ्यात त्यांची धांदल जास्त. म्हणजे माणूस आणि पाखरू दोघंही पावसाच्या धास्तीने एकाच वेळी एकाच वळचणीत काम करत असतात.

पूर्वी हे निभावून जात असे. गडी हाताने एकेक ओळ परतत जाई. घरटं दिसलं की तेवढी चार कौलं ठेवून पुढे सरके. आज ठेकेदार आठवड्यात अख्खं छप्पर उतरवतो. खाली प्लास्टिकचा कागद, वर रंगीत पत्रा, आतून छानशी लाकडी सीलिंग. फट म्हणून कुठे राहत नाही. पत्रा घालणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. वानरांनी दर वर्षी शेकडो कौलं फोडली, परतायला माणूस मिळेना, तर घरमालकाने काय करावं? पण पत्रा घालतानाही भिंतीच्या माथ्यावर जागोजाग मूठभर पोकळी सोडता येते, पडवीपुरती कौलं ठेवता येतात. आणि मोठं काम दिवाळी ते संक्रांत या दिवसांत घेता आलं तर सगळ्यात उत्तम. तेव्हा पाऊस नसतो, मजूर मिळण्याची शक्यता जास्त असते आणि घुबड आणि पाकोळी वगळता बहुतेक घरटी रिकामी असतात. भिंतींबाबत एक जाता जाता: मातीच्या किंवा चुन्यातल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि भिंत फुगते. चुन्याची भिंत चुन्यानेच दुरुस्त करावी; तिच्या बारीक फटींत मग पाली, कोळी आणि त्यांना टिपणारे पक्षी सगळेच राहतात.

काम सुरू असताना घरटं सापडलंच तर? चिमणीची अंडी दोन आठवड्यांच्या आत फुटतात आणि पिल्लं पुढच्या साधारण पंधरा दिवसांत उडतात. महिनाभर तो कोपरा शेवटी ठेवला की प्रश्न संपतो. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत चुकीची आहे. खाली पडलेलं पिल्लू उचलून घरट्यात ठेवायला हरकत नाही. अंडी असलेलं घरटं हलवणं मात्र जवळजवळ नेहमी फसतं. कायद्याची बाजूही आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी नासवणं आणि घरट्यांना उपद्रव देणंही धरलेलं आहे.

घराबाहेर, आगरात, सगळ्यात जास्त नुकसान स्वच्छतेच्या उत्साहाने होतं. नवे मालक आले की पालापाचोळा जाळला जातो, सुकलेल्या फांद्या तोडल्या जातात, कुंपणाची मेंदी आणि अडुळसा उपटून चिऱ्याचा गडगा पाडला जातो आणि तिथे सिमेंटची भिंत उभी राहते. मग पेव्हर ब्लॉक, मग लॉन. आणि वर्षभराने तक्रार, की पूर्वीसारखे पक्षी येत नाहीत.

पाचोळा हे सातभाईंचं ताट आहे. हे मळकट, भांडखोर दिसणारे पक्षी आठ-दहांच्या टोळीने पानं उलटत किडे शोधतात; एका जोडीची पिल्लं सगळी टोळी मिळून भरवते. त्याच पाचोळ्यात, फणसाच्या गर्द सावलीत, नारंगी डोक्याचा कस्तुर हिंडतो. बागेचा पुढचा भाग झाडावा, पण आंबा-फणसाखालचा पाचोळा राहू द्यावा. जमिनीलाही तो हवाच असतो.

सुकलेल्या फांदीचं गिऱ्हाईक म्हणजे तांबट. भर उन्हात टुक् टुक् करत बसणारा हा हिरवा, तांबड्या कपाळाचा पक्षी शेवगा किंवा पांगाऱ्याच्या मेलेल्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक पाडतो. तो गेला की त्याचं बीळ दुसरं कोणीतरी वापरतं. घरावर झुकलेली सुकी फांदी तोडलीच पाहिजे; आगराच्या टोकाची का तोडावी? मोठ्या, पोकळ झाडांचं मोल तर त्याहून अधिक. धनेशाची मादी अशा ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि दोन महिन्यांहून अधिक काळ नर बारीक फटीतून तिला उंबर-वडाची फळं भरवतो. शंभर वर्षांचा आंबा लाकडासाठी गेला की ही सोय नवीन रोपं लावून भरून येत नाही, निदान लावणाऱ्याच्या हयातीत तरी नाही.

बांडगुळाचा विषय काढला की आंबा बागायतदार चिडतो, आणि त्याचं बरोबर आहे. हापूसच्या फांदीतून ते अन्नपाणी खेचतं. पण भारतातल्या सर्वांत चिमुकल्या पक्ष्यांपैकी एक असलेला फुलटोच्या त्याच्या फळांवर जगतो. चिकट बी पोटातून पटकन बाहेर पडतं, फांदीला चिकटतं आणि तिथेच रुजतं. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतात. उत्पन्नाच्या कलमांवरून ते काढावं आणि कुंपणाकडच्या एखाद्या रायवळ आंब्यावर राहू द्यावं, हा व्यवहारी तोडगा. शिंजिरांना जास्वंद, अडुळसा, केळफूल हेही चालतं. शिंपी पक्ष्याला मात्र फुलांपेक्षा रुंद पानं हवीत. मादी पानाच्या कडांना भोकं पाडून कोळ्याच्या जाळ्याने, कापसाच्या तंतूंनी पान शिवते आणि आत घरटं करते. परसातल्या वांग्या-भेंडीच्या झुडपातही ती हे करते, म्हणून भाजी तोडताना जरा डोळे उघडे ठेवावेत.

घरामागच्या मातीच्या दरडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. उतारावरच्या घरामागे डोंगर कापलेला असतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे रिटेनिंग वॉल बांधायचा सल्ला मिळतो. घराला धोका असेल तर बांधावीच. पण रायगडचा जिल्हापक्षी असलेला तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या आणि घरांमागच्या अशाच दरडीत बोगदा खणून अंडी घालतो. मुठीत मावेल एवढा, जांभळा-निळा-नारिंगी पक्षी मेअखेरीस, जूनच्या सुरुवातीला कोकणात येतो आणि पावसाळाभर पिल्लं वाढवतो. त्याच सुमारास नवरंगही येतो. लांबच्या प्रवासाने थकलेले हे दोन्ही पक्षी कधी पडवीत, कधी न्हाणीघरात सापडतात आणि कधी नव्या मोठ्या खिडक्यांच्या काचेवर आपटतात. असा पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावा. पाणी चोचीत ओतू नये. तरतरीत झाला की सोडावा. काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर पांढऱ्या रेघा किंवा ठिपके लावले की आपटणं थांबतं. शिंजीर वऱ्हांड्यातल्या आरशावर तासन्‌तास चोची मारतो तो वेडाने नव्हे. समोर प्रतिस्पर्धी नर आहे असं त्याला वाटतं. त्या दिवसांत आरशावर टॉवेल टाकावा.

पाण्याची सोय सोपी. विहिरीजवळची दगडी दोण असेल तर तिच्यात एक तिरका दगड टाकावा, म्हणजे पाणी एका बाजूला दोन इंचांपेक्षा खोल राहत नाही. पाणी रोज बदलावं, नाहीतर डास होतात. दाण्यांबाबत हात आखडता असलेला बरा. रोज ठरलेल्या जागी धान्य टाकलं की कबुतरं येतात, माळा बळकावतात आणि बाकीच्यांना हुसकतात. 2023च्या देशव्यापी अहवालात झपाट्याने वाढणाऱ्या पक्ष्यांत कबुतर आहेच. त्यांच्या विष्ठेने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांवरून मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद 2025 मध्ये उच्च न्यायालयात गाजला.

जुन्या घरात बसून काय पाहता येतं, याचा दाखला पुन्हा सालिम अलींचाच. 1930 साली जर्मनीहून परतल्यावर त्यांना मुंबईत नोकरी उरली नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी शिडीवर आडोसा करून ठाण मांडलं. नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन ते तपासतात, एखादीला पसंत पडलं की ती आत राहते, नर उरलेलं विणून देतो आणि लगेच पुढच्या घरट्याला, पुढच्या मादीसाठी हात घालतो, हे त्यांनी दिवसामागून दिवस नोंदवलं. 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आलं आणि त्यांचं नाव जगभर गेलं. साधनं काय, तर एक शिडी, कापड, वही आणि भरपूर वेळ. नावं ओळखायची अडचण मराठी वाचकाला तेव्हा होती तेवढी आता नाही. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ हाताशी आहे.

तेव्हा यंदा घर दुरुस्तीला काढणार असाल तर गवंड्याला बोलावण्याआधी एक सकाळ अंगणात खुर्ची टाकून बसा. कोणतं पाखरू कुठल्या फटीत शिरतं ते पाहा आणि त्या जागेखाली भिंतीवर खडूने फुली मारा. गवंडी आला की पहिली सूचना द्या: फुली असेल तिथे हात लावायचा नाही, मला विचारल्याशिवाय.